शेंडा खुडून बाटलीत

तूर दीड महिन्याची झाली की आमच्या फुलसावंगीत बायकांची नखं हिरवी होतात. तेव्हा शेंडे खुडायचे असतात. झाडाचं वरचं कोवळं टोक नखाने मोडायचं, खाली टाकायचं आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. शेंडा गेला की झाड उंच जायचा नाद सोडतं, बाजूने फांद्या काढतं, आणि फांद्या आल्या की शेंगा आल्या. सासूबाईंनी हे काम इतकी वर्षं केलंय की त्यांचं बोट झाडाला लागतं न लागतं तोच शेंडा खाली पडलेला असतो. तोंडाने शेजारणीच्या सुनेची कथा चालू असते, ती एका शब्दानेही अडत नाही. आता बॅटरीवरची मशीन आली आहे, पण मशीनचा आवाज झाडाला आवडत नाही असं त्यांचं म्हणणं. झाडाला काय आवडतं ते त्यांना विचारून ठरतं.

मी ह्या घरात आले ती बीएस्सीची दोन वर्षं पुरी करून. विषय वनस्पतिशास्त्र. माझे वडील पार तिकडे झरी जामणीकडे वनरक्षक होते, लहानपणी झाडांशिवाय दुसरं काही बघायलाच नव्हतं. कॉलेज पुसदला, तिथल्या होस्टेलात राहून मी शिकत होते. तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आधीच लग्न ठरलं. बैठकीत वडिलांनी विचारलं, "पोरीचं एक वर्ष राहिलंय, ते पुरं होऊ द्याल ना?" सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पान जुळवत म्हणाले, "पाहू ना. कायले नाही?"

मी त्या "पाहू"वर विश्वास ठेवला. ह्या घरात "नाही" असा शब्दच नाही, हे मला फार उशिरा कळलं. नाही म्हटलं तर भांडता येतं. "पाहू" म्हटलेल्या माणसाशी कसं भांडणार? बसचा पास काढायचाय. पाहू. प्रॅक्टिकल आहेत, आठवड्यातून दोन दिवस तरी जायला हवं. पाहू. नवरा स्वभावाने गरीब, त्याने हा शब्द वडिलांकडून वारशाने घेतला होता आणि तो वावरापेक्षा नीट सांभाळला. मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दाराला कुलूप घातलं नाही. तरी सकाळी चुलीपुढे बसले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं. आणि बुक्की मारणारा शोधायला गेलं तर सगळे आपापल्या कामात, सगळे चांगले.

पहिल्याच वर्षी तुरीत मी शहाणपण करायला गेले. शेंडा खुडताना सासूबाईंना आणि सोबतच्या बायांना म्हटलं, "माहीत आहे का, ह्या टोकात विभाजी ऊती असतात."

"उवा?" एक बाई कंबर सरळ करत म्हणाली. "तुरीले?"

त्यानंतर आठवडाभर मी दिसले की कोणी ना कोणी डोकं खाजवून दाखवायचं. मलाही हसू यायचं, पण रात्री पुस्तक उघडलं की तेच पान समोर. कॉलेजात सगळं इंग्रजीत असलं तरी माझ्या डोक्यात अजून नववीचे मराठी शब्दच पक्के होते. झाड सगळीकडून वाढत नाही. ते वाढतं टोकाशी, मुळाच्या आणि खोडाच्या, आणि थोडं पेरांपाशी आणि सालीखाली. तिथल्या पेशी वेगळ्या. लहान, चौकोनी, पातळ भिंतीच्या, आत दाट पेशीद्रव्य आणि भलंमोठं केंद्रक. एकमेकींना इतक्या खेटून की मध्ये हवेलाही जागा नाही. त्यांना दुसरं कुठलंच काम नसतं. एकीच्या दोन व्हायचं, दोनच्या चार. हे पान मी कितीदा वाचलं असेल सांगता येत नाही, कारण पुढचं पान वाचायच्या आत कोणीतरी हाक मारायचं.

फुलसावंगीहून पुसदला जायचं म्हणजे आधी महागाव, तिथे गाडी बदलायची. वर्षभरात माझं जेमतेम आठ-दहा दिवस कॉलेज झालं. लेखी पेपर मी कसेबसे दिले आणि पास झाले. प्रॅक्टिकल राहिलं. त्या वर्षी विद्यापीठाचं वेळापत्रक कोलमडलेलं होतं, प्रॅक्टिकल पुढे पुढे ढकलत शेवटी ते आलं ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत. हजेरी नाही, जर्नल अर्धवट. आमच्या मॅडमनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुझ्या जर्नलचे मार्क मी काही देऊ शकत नाही. पण कांद्याच्या मुळाची स्लाइड चांगली करून दाखवलीस तर निघशील. ती सगळ्यात जास्त मार्कांची आहे. बाकी तुझ्या हातात."

त्यांनी एक छोटी औषधाची बाटली दिली, त्यात पेशी जशाच्या तशा थांबवणारं पाणी होतं. कांदा पेल्याच्या तोंडावर बसवायचा, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुळांची टोकं कापून ह्या बाटलीत टाकायची. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती लाल रंगात बुडवून काचेवर चेपली की पेशी दोन होताना दिसतात. "पण वेळ पाळ," मॅडम म्हणाल्या. "सकाळी आठ ते दहा. तेव्हा त्यांचं विभाजन जोरात असतं."

आठ ते दहा! मी मनात म्हटलं, त्या पेशी निदान आमच्या घरचा रिवाज तरी बघून वाढायच्या. आठ ते दहा म्हणजे मजुरांची शिदोरी, बैलांचं पाणी, मामाजींचा दुसरा चहा. दिवसातले तेवढे दोन तास सोडून मी कधीही मोकळी झाले असते.

बाटली मी स्वयंपाकघरात, तिखटाच्या डब्यामागे ठेवली. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय ह्या घरात मला लागली होती. विचारलं असतं तर ठेवू दिलीच असती, पण विचारायचं म्हणजे आधी "पाहू" ऐकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धुणं वाळत घालत होते आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. आवाज माझ्यासाठी नव्हता, नवऱ्यासाठी होता.

"इकडं ये! पह्यले इकडं ये तू!"

मी धावत गेले. सासूबाईंच्या हातात ती बाटली, झाकण उघडलेलं. एक हात पदरासकट नाकावर. त्या बाटलीत मुख्य म्हणजे अल्कोहोल असतं आणि वर आंबट, डोळ्यात जाणारं आम्ल. वास थेट मोहाच्या दारूचा, तीही नासलेली. आमच्या गावात बायांनी मिळून दारूचं दुकान बंद पाडलं तेव्हा सासूबाई सगळ्यांत पुढे होत्या. आणि त्यांच्याच तिखटाच्या डब्यामागे हे.

"कवापासून पेऊन राह्यला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा बाटलीकडे बघत राहिला. खरं तर त्याने सुपारीसुद्धा कधी खाल्ली नव्हती. पण तो काही बोलेना, कारण बाटली माझी आहे हे त्याला माहीत होतं. हा माणूस माझ्यासाठी परवानगी मागू शकला नाही, पण माझ्यासाठी दारुड्या व्हायला तयार होता. तोपर्यंत सासूबाईंनी बाटली मोरीत उलटी धरली होती.

"आई, थांबा! ती माझी आहे!"

"तुह्यी?" त्या अशा काही बघायला लागल्या की नवऱ्याची दारू परवडली असती.

मी बाटली ओढून घेतली. निम्मं गेलं होतं, निम्मं उरलं. मग मला सगळं सांगावं लागलं, कांदा, मुळं, स्लाइड, मार्क, सगळं. मोरीच्या कडेला उकिडवी बसून, घाईघाईने, रडत. मला वाटलं त्या उठून जातील. त्या तिथेच बसल्या आणि म्हणाल्या, "मंग त्या टोकात असते तरी काय एवढं?"

ह्या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारला होता. मी सांगितलं. तिथल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. साल नाही, लाकूड नाही, पाणी वाहणारी नळी नाही. काहीही होऊ शकतात. नुसत्या वाढत असतात, एकमेकींना घट्ट चिकटून.

"मधात जागाच नाही?"

"नाही."

"आपल्या घरावानी," त्या म्हणाल्या. "मंग पुढं?"

पुढे त्या टोकापासून मागे पडतात, सांगितलं. लांब होतात, आत मोठी पोकळी तयार होते, भिंत जाड होते. मग एकच काम धरतात आणि जन्मभर तेच करतात. पुन्हा त्यांच्या दोन होत नाहीत. त्यांना स्थायी ऊती म्हणतात.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजे नांदाले गेल्या," त्या म्हणाल्या आणि पदराने बाटलीचं बूड पुसून ती पुन्हा तिखटाच्या डब्यामागे ठेवली. आमच्या कॉलेजात कोणीच हे इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून कांद्यावर दोघींचा डोळा. खिडकीत पेल्यावर बसवलेल्या त्या कांद्याला मुळं फुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात नव्हते, त्यांनीच हाक मारून दाखवली. "पाह्य वं, दाढी आली त्याले." चार दिवसांत मुळं दोन बोटं लांब झाली. घरातल्या कोणीही काही विचारलं तर सासूबाई त्याला खिडकीपासून हाकलायच्या.

परीक्षेचा आदला दिवस उजाडला. आभाळ आलेलं, सोयाबीन सोंगून पडलेलं. मामाजींनी पहाटेच सगळ्यांना वावरात काढलं, ढीग झाकायला. सासूबाईंचा गुडघा धरलेला, म्हणून त्या घरी आणि मी वावरात. आठ ते दहा मी वावरातच असणार होते. निघताना चपला घालता घालता मी त्यांना सांगितलं. कॉलेजातल्या भाषेत सांगितलं तर त्यांना समजायचं नाही, म्हणून त्यांच्या भाषेत सांगितलं. एवढी अक्कल मी चालवली, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

मी म्हणाले, "आई, घड्याळात आठ वाजून गेले की मुळ्यांचा शेंडा खुडून बाटलीत टाका. विसरू नका."

"शेंडाच ना? जाय तू. ते मले शिकवू नको."

दुपारी परत आले तर बाटली जागेवर, आत पांढऱ्या मुळ्या. कांद्याचं बूड साफ. मुळ्या जरा लांबच कापल्यात असं वाटलं, पण टोक त्यात असणारच, उद्या तिथे कापून घेईन. सासूबाई म्हणाल्या, "साडेआठाले खुडले. एकही सुटला नाही." मला इतकं भरून आलं की मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नाही, गुडघ्याला धक्का लागला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कळलं, मळणीच्या मशीनचा नंबर उद्याच आमच्याकडे आहे. मशीन गेली की आठ दिवस येत नाही आणि आभाळ तर डोक्यावर. मशीनची माणसं, मजूर, घरचे मिळून पंधरा-सोळा जणांचं जेवण. मामाजी माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "तिची ते परीक्षा... पाहू सकाळी."

मला कळलं. मी आत जाऊन पिठाचा डबा काढला आणि पीठ मोजायला लागले. डोळ्यांतून पाणीसुद्धा येत नव्हतं, सगळं आतच सुकलं होतं. ह्या घरातून सुटायचं असेल तर मला मरूनच सुटावं लागेल असं त्या क्षणी वाटलं, आणि ते वाटल्याची भीतीही वाटली नाही.

पहाटे उठले तर चूल पेटलेली. सासूबाई दुखता गुडघा लांब करून बसलेल्या, परातीत ज्वारीचं पीठ. "पह्यली गाडी सापडते का पाह्य," त्या म्हणाल्या. मी उभीच राहिले. "जाय ना! मामाजी उठले का मंग पाहू-पाहू करतीन."

मी बाटली ब्लाउजात ठेवून निघाले.

परीक्षेत माझी जागा खिडकीपाशी होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बाटलीतली एक मुळी काढली. टोक शोधलं. मुळाचं टोक पिवळसर आणि निमुळतं असतं, बघताक्षणी ओळखू येतं. ह्या मुळीची दोन्ही टोकं बोथट. वाटलं, वरचा भाग असेल. दुसरी काढली. तीही बोथट. मी सगळ्या बशीत ओतल्या आणि सुईने एकेक उलटी केली. प्रत्येक मुळी शेंड्यापाशी नखाने तोडलेली होती. एकही सुटली नव्हती.

शेंडा खुडून बाटलीत टाका. काय टाका, हे मी सांगितलंच नव्हतं. शेंडा खुडायचा म्हणजे तो टाकून द्यायचा आणि राहील ते जपायचं, हे त्यांच्या बोटांना जन्मभराचं पाठ. मोरीवर टोकाची एवढी कहाणी सांगितली, पण चपला घालताना तोंडातून निघाला तो तुरीचा शब्द, आणि त्यांच्या बोटांनी तोच ऐकला. माझी परीक्षा त्यांनी जमिनीवर टाकली होती आणि नंतर केरात काढली होती, मनापासून.

तरी मी स्लाइड केली. दुसरं करणार काय? लाल रंग घातला, काच ठेवली, अंगठ्याने दाबली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लांबच लांब पेशी, एकीला एक लावून ठेवलेल्या. आत नुसती पोकळी. केंद्रक कुठेतरी कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. दोन होणारी एकही नाही. नांदायला गेलेल्या सगळ्या.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. मग मला विचारलं, "विभाजी ऊतीच्या पेशींची लक्षणं सांगा."

मी सांगितली. पातळ पेशीभित्तिका, दाट पेशीद्रव्य, मोठं केंद्रक, रिक्तिका नाही किंवा अगदी लहान, दोन पेशींत जागा नाही, सतत विभाजन. एक शब्द चुकला नाही.

"तोंडपाठ आहे," ते म्हणाले. "आता दाखवा."

मी दाखवू शकले नाही. सासूबाईंचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्या अनोळखी माणसापुढे ते तोंडाबाहेर पडेना. मॅडम दाराशी उभ्या होत्या, त्यांनी मान फिरवली.

महागावला गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. मळणी झालेली, अंगणात पोती, सगळ्यांच्या केसांत भुसा. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात थंड पाण्याच्या घमेल्यात. तव्याच्या वाफेने मनगटापर्यंत लाल झालेले. मला बघून त्यांनी हात बाहेर काढले.

"दिसल्या का वं? त्या खेटून-खेटून बसलेल्या?"

मला दोन शब्द बोलायचे होते. नाही दिसल्या. एवढंच. पण ते हात समोर होते.

"दिसल्या," मी म्हटलं.

"माह्या हातच्या?"

"तुमच्याच हातच्या."

अंगणात पोती मोजणाऱ्या मामाजींना त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "ऐकलं का? म्या खुडलेल्या शेंड्याईनं पास झाली पोरगी!" निकाल लागायला अजून महिना होता. पण त्यांचा लागला होता.

खरा निकाल मोबाइलवर आला. प्रॅक्टिकलमध्ये नापास, डिग्री अडकली. फक्त नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "आता आईले कायले सांगतं? दुसऱ्या डावाले पाहू." मला ते बरंच वाटलं, हे कबूल करते. त्यांना वाईट वाटू नये हे खरं, पण पडले म्हणायची लाज होती, हेही तितकंच खरं.

आणि मग मी अडकले ती अशी की ज्याचं नाव ते. पुन्हा परीक्षेला बसायचं तर घरातून निघायला हवं, निघायला कारण हवं, आणि पास झालेल्या बाईला परीक्षेचं कसलं कारण? पुढच्या वेळी मी नुसतं म्हटलं, "पुसदला जाऊन यावं म्हणते." सासूबाई म्हणाल्या, "आता कायले? झालं ना तुह्यं." त्यानंतरच्या वेळी पोटात मुलगी होती. मग ती लहान होती. मग कळलं की तो अभ्यासक्रमच बंद झाला, आता करायचं तर नव्याने, पहिल्या वर्षापासून. इकडे गावात मात्र मी बीएस्सी झाले होते. हळदीकुंकवाला, बचत गटात, दवाखान्याच्या रांगेत. "आमची सून बीएस्सी हाये. कांद्याच्या मुळीत काय असते, विचारा तिले." आणि लोक विचारायचे, आणि मी सांगायची. पातळ भिंत, दाट पेशीद्रव्य, मोठं केंद्रक. दर वेळी परीक्षकांचं "आता दाखवा" कानात वाजायचं. इतके दिवस मी घरच्यांच्या "पाहू"ला शिव्या घालत होते, आणि सगळ्यात घट्ट कडी मी स्वतःच्या हाताने घातली होती, तीही एका चांगल्या शब्दाने.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी शाळेत जाते. गेल्या श्रावणात मी आणि सासूबाई तुरीत होतो, शेजारशेजारच्या तासात. आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. सासूबाईंचा गुडघा आता पुरता गेलाय, तरी शेंडे खुडायला त्या येतात. बोलता बोलता म्हणाल्या, "सरपंचीन भेटली. गावच्या शाळेत विज्ञानाले मास्तरीन पाह्यजे म्हणते, सध्यापुरती. म्या तुह्यं नाव सांगतलं. घरी गेल्यावर तुह्यी मार्कशीट काढ, झेरॉक्स द्या लागते."

"नको," मी म्हटलं.

"काहून नको?"

"नको म्हटलं ना!"

"काहून पन? घरात बसून काय करतं? एवढी शिकलेली..."

"नाही शिकलेली!" मी ओरडले. तासातली पाखरं उडाली. मग थांबता आलं नाही. सगळं सांगितलं, बोथट मुळ्या, परीक्षक, निकाल. रागाने सांगितलं, जसा काही त्यांनीच इतकी वर्षं मला खोटं बोलायला लावलं होतं.

त्या ऐकत होत्या. त्यांचा हात एका झाडाच्या शेंड्यावर होता आणि तिथेच राहिला.

"म्हंजे शेंडा म्या फेकला?"

"मी तसंच सांगितलं होतं, आई. माझी चूक."

"फेकला त म्याच ना." आणि मग, "आन् तू मले सांगतलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि सांगून काय झालं असतं? ह्या घरातून मला पुन्हा कोण पाठवणार होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

"त्या दिशी भाकरी कोनं टाकल्या होत्या वं?"

पंधरा-सोळा माणसांच्या भाकरी, दुखता गुडघा लांब करून, मामाजी उठायच्या आत पेटवलेली चूल. मी एक शब्द खरा बोलले असते तर ती चूल पुन्हा पेटली असती. इतकी वर्षं मी ह्या घराच्या भिंती मोजत बसले आणि त्यातला एक दरवाजा माझ्यासमोर हात भाजून बसला होता.

सासूबाईंनी झाडावरचा हात काढला. शेंडा तसाच ठेवला. बांधापर्यंत चालत गेल्या आणि तिथे बसून राहिल्या. मी माझा तास संपवला. त्यांचा अर्धा तास तसाच राहिला, तो खुडायला मला हात लावावासा वाटला नाही.

तूर काढायला आली तेव्हा तेवढी झाडं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती, सरळसोट, शेंगा थोड्या. मामाजी बांधावरून बघत म्हणाले, "ह्याचे शेंडे कोनं सोडले?"

"राह्यले," सासूबाई म्हणाल्या आणि विळा घेऊन पुढे झाल्या.